देश कोणी विकला? वसईचा तह, तारापूरचा करार आणि वाढवणचे बंदर

दरवर्षी १ जानेवारी जवळ आली की तोच प्रश्न नव्याने फेकला जातो. भीमा कोरेगावला महार सैनिक इंग्रजांच्या बाजूने लढले, मग ते देशद्रोही नाहीत का? आपले तरुण या प्रश्नाला उत्तर देताना बचावाच्या पवित्र्यात जातात. कोणी पेशवाईतल्या गळ्यातल्या मडक्याचा आणि कमरेच्या झाडूचा दाखला देतो, तर कोणी सांगतो की त्या काळी आजच्या अर्थाचा 'देश' नव्हताच. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण आमचे म्हणणे असे की मुळात प्रश्नच अर्धा विचारला जातो. १ जानेवारी १८१८ ची चर्चा करायची असेल, तर आधी ३१ डिसेंबर १८०२ ची चर्चा झाली पाहिजे. या दोन तारखांमध्ये पंधरा वर्षे आणि एक दिवसाचे अंतर आहे. त्या आधीच्या तारखेला इंग्रजांची फौज पेशव्यांच्या मुलखात कायमची आणून बसवणाऱ्या कागदावर सही झाली. ती सही कोणा महार शिपायाची नव्हती. ती खुद्द दुसऱ्या बाजीराव पेशव्याची होती, आणि ती झाली वसईला, म्हणजे आजच्या आपल्या पालघर जिल्ह्यात.

हा विषय आज काढण्याचे कारण फक्त इतिहास नाही. वसईपासून डहाणूपर्यंतच्या या किनाऱ्यावर आज पुन्हा मोठमोठे करार उतरत आहेत. जपानच्या कर्जाची बुलेट ट्रेन बोईसरवरून जाणार आहे. वाढवणला देशातले सर्वांत मोठे बंदर होऊ घातले आहे. चीनच्या महामार्गांना आणि बंदरांना उत्तर म्हणून जगाच्या नकाशावर जी नवी रेघ ओढली गेली, तिच्याशी या बंदराचे नाव जोडले जात आहे. 'राष्ट्रहित' हा शब्द रोज कानावर आदळतो. अशा वेळी सार्वभौमत्व जाते कसे, आणि ते घालवतो कोण, हे आपल्याच किनाऱ्याच्या इतिहासातून शिकले पाहिजे.

एकाच वसईचे दोन तह

वसईचा तह म्हटले की १८०२ आठवते. पण त्याआधी २६८ वर्षे वसईचा आणखी एक तह झाला होता. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना देऊन टाकली. का दिली? पोर्तुगीजांनी त्याला रणांगणात पुरते हरवले होते म्हणून नव्हे. त्याला भीती होती दिल्लीच्या हुमायूनची. घरातल्या शत्रूला तोंड देण्यासाठी त्याने समुद्रावरच्या परक्याला मित्र केले. पुढच्याच वर्षी त्याने दीवला किल्ला बांधण्याची परवानगीही दिली. १५३७ मध्ये त्याच दीवच्या पाण्यात, पोर्तुगीजांशी भेटीगाठी चालू असताना, त्याचा अंत झाला. ज्यांना किल्ला बांधू दिला त्यांच्याच हातून तो मारला गेला.

बहादूरशाह गेला, पण पोर्तुगीज गेले नाहीत. त्यांनी पुढची दोनशे वर्षे या किनाऱ्यावर राज्य केले. वसई, अर्नाळा, केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी किल्ल्यांची साखळी उभी राहिली. समुद्रात जहाज न्यायचे तर पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे 'कार्ताझ', घ्यावा लागे. परवाना नसेल तर जहाज लुटले जाई. आपल्याच पाण्यात जायला दुसऱ्याची चिठ्ठी लागणे, ही सार्वभौमत्व गेल्याची सर्वांत सोपी खूण आहे. मासेमाराला ती राजवाड्यातल्या माणसाआधी कळते.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत आधी तारापूर आणि मग मे महिन्यात वसई मराठ्यांकडे आली. हा विजय मोठा होता आणि तो तसा मान्य केला पाहिजे. पण तो ज्यांच्या रक्तावर मिळाला, त्या सामान्य शिपायांना पुढच्या निर्णयांत काय स्थान मिळाले? काहीच नाही. छत्तीस वर्षांतच, मार्च १७७५ मध्ये, राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. पेशवेपद मिळवून देण्यासाठी इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची, आणि बदल्यात साष्टी व वसई घ्यायची. ज्या वसईसाठी हजारो माणसे पडली, ती वसई एका घराण्यातल्या भाऊबंदकीत पणाला लागली. त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध झाले. १७८० मध्ये इंग्रजांनी वसई जिंकली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती परत मिळाली, पण साष्टी कायमची गेली.

मग आला दुसरा बाजीराव. १८०१ मध्ये त्याने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव कोकणात पळाला, तिथून इंग्रजांच्या जहाजातून वसईला आला, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने तह केला. त्या तहातल्या अटी प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ कराव्यात अशा आहेत.

इंग्रजांचे किमान सहा हजार पायदळ तोफखान्यासह पेशव्यांच्या मुलखात कायम राहील. त्याच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख इंग्रजांना तोडून द्यायचा. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीय राष्ट्राची माणसे पेशव्यांनी नोकरीत ठेवायची नाहीत. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादात इंग्रज मध्यस्थ राहतील. इंग्रजांशी सल्लामसलत केल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत.

म्हणजे फौज त्यांची, खर्च आपला, शत्रू त्यांनी ठरवायचा, आणि बोलायचे तर त्यांना विचारून. मे १८०३ मध्ये इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात बाजीराव पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला. खुर्ची वाचली आणि राज्य गेले. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना हा तह मान्य नव्हता. साताऱ्याला छत्रपती होते, त्यांना या व्यवहारात काही स्थान नव्हते. रयतेला विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. शिंद्यांच्या कवायती पलटणी पेरों या फ्रेंच सेनापतीच्या हाताखाली होत्या. १८०३ मध्ये इंग्रज चालून आल्यावर तो नोकरी सोडून इंग्रजांच्याच आश्रयाला गेला. परक्या सेनापतीवर राज्य तोलून धरण्याचे फळ हेच असते.

जून १८१७ च्या पुणे तहाने उरलेसुरले उत्तर कोकणही इंग्रजांकडे गेले. म्हणजे कोरेगावच्या लढाईत पहिली गोळी सुटण्याच्या सहा महिने आधीच हा आपला किनारा कागदावर देऊन झाला होता.

कोरेगावचा प्रश्न आता पुन्हा विचारा

आता १ जानेवारी १८१८ कडे या. कोरेगावला इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या तुकडीत महार होते, तसे इतर जातींचे शिपाईही होते. पेशव्यांच्या बाजूने अरब भाडोत्री सैनिक होते. स्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' प्रत्ययाची २२ महार नावे आहेत. हे शिपाई देशद्रोही, आणि २६ लाखांचा मुलूख देऊन इंग्रजांची फौज घरात आणणारा बाजीराव देशाचा धनी? तो जून १८१८ मध्ये जनरल माल्कमला शरण गेला आणि वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला राहिला. शिपायांच्या वाट्याला दगडावरचे नाव आले, सही करणाऱ्याच्या वाट्याला तनखा.

बाबासाहेबांनी हा मुद्दा फार स्पष्टपणे मांडला आहे. ब्रिटिश राजवट आणि अस्पृश्य यांच्यावरील लिखाणात ते म्हणतात की ज्यांना स्वतःच्या देशबांधवांनी माणूस मानले नाही, त्यांनी बाहेरून आलेल्याकडून सुटकेची आशा धरावी यात अनैसर्गिक काही नाही, आणि जगाच्या इतिहासात याची उदाहरणे भरपूर आहेत. 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये त्यांनी पेशव्यांच्या पुण्यातल्या मडक्याचे आणि झाडूचे वर्णन केले. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की निष्कर्ष निघतो: जे राज्य आपल्याच माणसांना परके मानते, ते आधीच आतून पडलेले असते. बाहेरचा फक्त दार ढकलतो.

पण इथेच थांबलो तर अर्धेच सत्य हाती राहील. परका कोणाचाही सगा नसतो, हेही आपल्याच इतिहासाने शिकवले. ज्या महारांच्या बळावर मुंबई फौजेने लढाया जिंकल्या, त्यांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली. 'लढवय्या जाती' नावाचे नवे शास्त्र त्यांनी काढले आणि त्यात महारांना जागा उरली नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले, पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केला. सरकार हलले नाही. पहिले महायुद्ध आले तेव्हा गरजेपोटी भरती झाली, युद्ध संपले आणि पुन्हा दार बंद. महार रेजिमेंट उभी राहायला ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला.

म्हणूनच २० नोव्हेंबर १९३० रोजी पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी लंडनमध्ये उभे राहून इंग्रजांनाच सुनावले. इंग्रज येण्यापूर्वी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, देवळात जाता येत नव्हते, पोलिसात आणि सैन्यात भरती होता येत नव्हते. मग दीडशे वर्षांत तुम्ही काय बदलले, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी मागणी केली ती लोकांच्या, लोकांनी चालवलेल्या राज्याची. कोरेगावच्या स्तंभाला १ जानेवारी १९२७ रोजी मानवंदना देणारा आणि तीन वर्षांनी ब्रिटिश सत्तेला जाब विचारणारा माणूस एकच आहे. यात विसंगती शोधणाऱ्यांना बाबासाहेब कळलेच नाहीत. त्यांना धनी बदलायचा नव्हता, धनीपणच संपवायचे होते.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी इशारा दिला की भारताने स्वातंत्र्य गमावले ते आपल्याच लोकांच्या फितुरीमुळे. सिंधच्या दाहिर राजाचे लाच घेणारे सेनापती, घोरीला बोलावणारा जयचंद, शिखांच्या लढाईत स्वस्थ बसलेला गुलाबसिंग ही उदाहरणे त्यांनी दिली. बारकाईने पाहा, या यादीत एकही नांगर धरणारा किंवा जाळे टाकणारा माणूस नाही. सगळे सत्तेच्या जवळचे आहेत.

तारापूर: मैत्रीच्या चाव्या कोणाकडे?

प्रजासत्ताक झाल्यावर करारांचे रूप बदलले. फौजेऐवजी तंत्रज्ञान आणि कर्ज आले. याचे पहिले मोठे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूर अणुवीज केंद्राचा करार झाला. अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, पैसा अमेरिकेच्या कर्जाचा, आणि तीस वर्षे समृद्ध युरेनियमचे इंधनही अमेरिकेनेच पुरवायचे. १९६९ मध्ये वीज सुरू झाली. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र, त्याचा अभिमान असणे स्वाभाविक आहे.

पण मे १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला आणि मैत्रीची भाषा बदलली. १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि आधी सही केलेल्या करारावर तो लादला. इंधन अडकले. १९८२ मध्ये फ्रान्सकडून पुरवठ्याची व्यवस्था करावी लागली. पुढे १९९५ मध्ये त्याच तारापूरसाठी चीनकडून इंधन घेतले गेले, आणि नंतर रशियाकडून. ज्या चीनच्या नावाने आज प्रत्येक प्रकल्प रेटला जातो, त्या चीनच्या युरेनियमवर तारापूरचे दिवे लागलेले आहेत. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायची तर अमेरिकेची संमती लागते की नाही, हा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि तोवर ते इंधन साठून राहिले ते वॉशिंग्टनला नाही, आपल्या किनाऱ्यावर.

यातून देशाने धडा घेतला आणि तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीचे तंत्र स्वदेशी ठेवले. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या या भट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. सार्वभौमत्वाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. भट्टी परदेशी असो की स्वदेशी, उठणारे गाव तेच राहिले. देश परक्यांपासून स्वतंत्र झाला, पण गाव देशाच्या निर्णयात सामील झाले नाही. हा प्रश्न आम्ही मुद्दाम ठळक करतो, कारण 'स्वदेशी' या शब्दाने तो झाकला जातो.

दोन महासत्तांच्या रेघा आणि मधली माणसे

आता जगाकडे पाहू. २०१३ मध्ये चीनने 'बेल्ट अँड रोड' नावाने जगभर रस्ते, रेल्वे आणि बंदरे बांधण्याची योजना जाहीर केली. तिचा पाकिस्तानातला मार्ग गिलगिट-बाल्टिस्तानातून जातो, म्हणून भारताने सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावर तिला विरोध केला. हा विरोध रास्त आहे. २०१६ मध्ये भारताने अमेरिकेबरोबर लष्करी रसद-सुविधांचा करार केला. त्यानुसार एकमेकांच्या सैन्याला इंधन, दुरुस्ती, पुरवठा अशा सोयी पैसे मोजून मिळतात. हा करार तळ देण्याचा नाही, हे सरकारने स्पष्ट केले आहे आणि ते खरे आहे. वसईच्या तहाशी त्याची थेट तुलना आम्ही करणार नाही. पण एक गोष्ट तेवढीच खरी आहे: असा करार करण्यासाठी आपल्या देशात संसदेची मंजुरी लागत नाही.

श्रीलंकेचे हंबनटोटा सगळ्यांना माहीत आहे. २०१७ मध्ये ते बंदर ९९ वर्षांच्या पट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये चीनचे 'युआन वांग ५' हे टेहळणी जहाज तिथे लागले आणि दिल्लीत खळबळ उडाली. 'चीनने बंदर गिळले' असे सोपे वाक्य आपल्याकडे चालते. पण ते बंदर कोणी मागितले? तत्कालीन राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांचा तो स्वतःचा जिल्हा होता. जमिनी जाण्याच्या भीतीने तिथले गावकरी आणि भिक्खू जानेवारी २०१७ मध्ये रस्त्यावर आले होते. त्यांना कोणी विचारले नाही. सही वरच झाली.

त्याच श्रीलंकेचे दुसरे उदाहरण आपल्याला अडचणीचे वाटेल, तरी ते पाहिले पाहिजे. कोलंबो बंदराचे पूर्वेकडचे टर्मिनल भारत आणि जपान यांच्याबरोबर उभारायचे ठरले होते. बंदर कामगारांच्या संघटनांनी जोरदार विरोध केला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तो करार रद्द झाला. इथे परके कोण होते? आपण. मालदीवमध्ये भारतीय सैनिक परत पाठवण्याची मागणी निवडणुकीचा मुद्दा झाली आणि मे २०२४ पर्यंत ते परत आले. परकी फौज नको असे लहान देश म्हणतात तेव्हा ती फौज कोणाची आहे, याने त्यांच्या हक्कात फरक पडत नाही. आपल्याला जो न्याय हवा, तोच दुसऱ्याला लावणे हीच समता.

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत, अमेरिका, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात आणि युरोपीय देशांनी भारत ते युरोप अशा नव्या व्यापारी मार्गाची घोषणा केली. चीनच्या रेघेला ही उत्तराची रेघ. आणि १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला मंजुरी दिली, तेव्हा या मार्गाच्या व्यापाराला बंदराचा उपयोग होईल असे सरकारनेच सांगितले. दिल्लीत ओढलेली रेघ अशी थेट आपल्या वरोर-वाढवणच्या खडकांवर येऊन टेकते.

वाढवण आणि बुलेट ट्रेन: विचारले कोणाला?

आकडे पाहा. बंदराचा खर्च ७६,२२० कोटी रुपये. समुद्रात भराव १,४४८ हेक्टर. नऊ कंटेनर टर्मिनले. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के, महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. म्हणजे मालकी परकी नाही, ही जमेची बाजू. पण १९९८ मध्ये याच जागी खासगी परदेशी कंपनीच्या बंदराचा प्रस्ताव होता, तेव्हा न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने तो नाकारला. १९९१ पासून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झालेला आहे. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी, नव्या अध्यक्षांच्या काळात, अटी घालून परवानगी दिली. समुद्र तोच, मासे तेच, खडक तेच. बदलली ती सत्तेची गरज.

बुलेट ट्रेनच्या मूळ खर्चापैकी, म्हणजे सुमारे १ लाख ८ हजार कोटींपैकी, ८१ टक्के जपानचे कर्ज ठरले, व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षे. व्याज कमी आहे हे आम्ही नाकारत नाही. पण पन्नास वर्षांची मुदत म्हणजे आज जन्मलेल्या मुलानेही अर्धे आयुष्य फेडायचे कर्ज. पालघरमधल्या अनेक आदिवासी गावांनी या प्रकल्पाला विरोध केला. जिल्ह्याचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीत येतो. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते. फक्त सल्लामसलत! बाजीरावाला इंग्रजांशी सल्लामसलत केल्याशिवाय तोंड उघडता येत नव्हते, आणि सरकारला मात्र ग्रामसभेशी सल्लामसलत करूनही हवे तेच करता येते. एकाच शब्दाचे वजन माणूस बघून बदलते.

नवापूरकडे पाहिले की हा सगळा हिशेब एका जागी दिसतो. बोईसरच्या पश्चिमेचे हे मच्छीमारांचे गाव. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नळवाहिनीने याच नवापूरच्या समुद्रात जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशात सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला न्यायासाठी हरित लवादाचे दार ठोठवावे लागले. इथून माल जगभर जातो, परकीय चलन देशात येते, आणि पाणी नवापूरला राहते. इथे ना परकी फौज आहे, ना परका किल्ला. तरीही आपल्याच समुद्रात जाळे टाकून पोट भरण्याचा हक्क हळूहळू सुटत चालला आहे. कार्ताझ मागणारा पोर्तुगीज गेला, पण समुद्र मासेमाराचा झाला नाही.

आमची भूमिका

कोणी म्हणेल, तुम्ही विकासविरोधी. बाबासाहेबांच्या अनुयायांना हा आरोप लागू होत नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना दामोदर, हिराकूड यांसारख्या नदीखोरे योजनांचा पाया घालण्यात बाबासाहेबांचा मोठा वाटा होता. बंदर म्हणजे गुलामी असेही नाही. याच जिल्ह्यातले सोपारा हे प्राचीन काळी जगाशी व्यापार करणारे बंदर होते. तिथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, १८८२ मध्ये बौद्ध स्तूप उजेडात आला. व्यापार आणि धम्म एकाच धक्क्यावर नांदत होते. प्रश्न बंदर हवे की नको एवढाच नाही. ते कोणाच्या संमतीने, कोणाच्या फायद्याचे आणि कोणाच्या किमतीवर, हा आहे.

आपले संविधान 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांनी सुरू होते. सार्वभौम कोण? लोक. १९६० च्या बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की देशाचा तुकडा दुसऱ्या देशाला द्यायचा असेल तर संविधानात दुरुस्ती करावी लागेल, आणि त्याप्रमाणे नववी घटनादुरुस्ती झाली. जमिनीचा तुकडा देताना संसद लागते, पण परक्या सैन्याला सोयी देताना किंवा पन्नास वर्षांचे कर्ज उचलताना एका खात्याची सही पुरते. बाजीरावाच्या काळात राजाची सही पुरत होती. प्रजासत्ताकात ती पुरता कामा नये.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. परक्या सैन्याला कोणतीही सोय देणारा करार संसदेसमोर चर्चेला आणि मंजुरीला आला पाहिजे. परदेशी कर्जाच्या अटी मराठीत छापून बाधित गावांच्या हातात दिल्या पाहिजेत. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेच्या सल्ल्याला नकाराधिकाराचे बळ मिळाले पाहिजे. किनाऱ्यावरच्या मांगेला, कोळी, वैती, भंडारी, वारली आणि बौद्ध वस्त्यांना भरपाईच्या रांगेत उभे करण्याआधी निर्णयाच्या बैठकीत बसवले पाहिजे. आणि ज्या प्रकल्पाची जागा द्यायची, त्यातल्या नोकऱ्यांत आरक्षण कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडता कामा नये.

तरुण मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी कोरेगावचे नाव घेऊन तुमची देशभक्ती तपासायला आला, तर त्याला वसईला न्या. १५३४, १७७५ आणि १८०२ चे कागद त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा, यातल्या एका तरी कागदावर आमच्या पूर्वजांचा अंगठा आहे का? मग त्याला तारापूर, वाढवण आणि नवापूर दाखवा आणि विचारा, आजच्या कागदांवर तरी आम्हाला विचारले आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर बदलणे आपल्या हातात आहे, कारण तेव्हा आपण रयत होतो आणि आता नागरिक आहोत. ग्रामसभेला हजर राहा, ठराव लिहून घ्या, कागद मागा, वाचा, गावाला वाचून दाखवा. सही करण्याआधी आम्हाला विचारा, एवढे म्हणण्याची ताकद ज्या गावात आली, तिथले सार्वभौमत्व कोणतीही महासत्ता नेऊ शकत नाही.

जय भीम! जय संविधान!